शालीनतेची अट

शरीराने स्त्री असणे आणि समाजाच्या नजरेला ‘बाईसारखी’ दिसणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे समाजशास्त्राने मांडण्याच्या कितीतरी आधी मराठी रंगभूमीने दाखवून दिले होते. पहिल्या गोष्टीला शास्त्रीय परिभाषेत लिंग म्हणतात आणि दुसरीला लिंगभाव. लिंगभाव म्हणजे चालणे, बोलणे, हसणे, गाणे, लाजणे, रागावणे यांविषयी समाजाने स्त्रीपुरुषांना घालून दिलेल्या अपेक्षांचा संच, जो कोणी जन्मतः घेऊन येत नाही, तर घरात, शाळेत आणि चारचौघांत वावरताना हळूहळू अंगी बाणवतो. हा भेद पुस्तकातून समजून घेणे अवघड वाटत असेल, तर हुबळी-धारवाड या जोडशहराचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहावा; कारण स्त्रीची भूमिका करणारे पुरुष आणि पुरुषी समजल्या जाणाऱ्या आवाजात गाणारी स्त्री यांची परंपरा इथे एकाच गुरुशिष्याच्या नात्यात येऊन मिळालेली आहे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत धारवाड जिल्हा मुंबईच्या कारभाराखाली होता, आणि कन्नड बोलणाऱ्या या मुलखात मराठी नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडणे ही नित्याची गोष्ट होती. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्मही १८४३ साली बेळगाव-धारवाड पट्ट्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांच्या ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ या नाटकांपासून जी परंपरा सुरू झाली, तीत शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी या सगळ्या नायिका पुरुषच होते. आधी भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व. याचे कारण सर्वश्रुत आहे: घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल ठेवणे म्हणजे अब्रू घालवणे, अशी समजूत होती. परिणामाकडे मात्र तेवढे लक्ष दिले जात नाही. स्त्रीने कसे लाजावे, पदर कसा सावरावा, लाडिक रुसवा कुठपर्यंत ताणावा आणि कुठे सोडावा, याचा नमुना पुरुष नटांनी सिद्ध केला, आणि बालगंधर्वांची नेसण, दागिने आणि केशरचना पाहून पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया आपला पेहराव बेतू लागल्या. नकलेचीच अशी मूळ प्रत झाली. या रंगमंचीय स्त्रीला बाळंतपण नव्हते, चूल नव्हती, सासुरवास संवादापुरता होता आणि शेवटच्या अंकाचा पडदा पडला की तिचे काम संपत होते; तिच्या तोडीची शालीनता दिवसभर राबणाऱ्या खऱ्या बाईकडून अपेक्षिणे हे मुळातच अन्यायाचे होते, परंतु अपेक्षा तीच राहिली.

हुबळीपासून सुमारे वीस किलोमीटरवर कुंदगोळ हे गाव आहे. तिथले रामभाऊ कुंदगोळकर (१८८६–१९५२) हे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य, आणि मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवून ‘सवाई गंधर्व’ हे नाव मिळवलेले गायक नट. हयातीचा मोठा काळ त्यांनी नाटक मंडळ्यांत काढला आणि मग गावी परतून शिष्य घडवले. त्या शिष्यांपैकी भीमसेन जोशी यांचे नाव घरोघरी पोचले आहे. दुसरे नाव गंगूबाई हनगल यांचे.

गंगूबाईंची कहाणी समजून घेण्यासाठी त्या काळच्या समाजाने स्त्रियांची केलेली एक मोठी वाटणी आधी लक्षात घेतली पाहिजे. एका बाजूला कुलीन स्त्री होती, जिला लग्न, नवऱ्याचे आडनाव, सवाष्णपणाचा मान आणि हळदीकुंकवाचे आमंत्रण मिळत असे, पण अक्षरओळख, स्वतःची कमाई आणि घराच्या उंबऱ्याबाहेरचे जग मिळत नसे. दुसऱ्या बाजूला कलावंतीण होती, म्हणजे देवळाशी, दरबाराशी किंवा एखाद्या आश्रयदात्याशी जोडलेली गाणारी-नाचणारी स्त्री. तिला विद्या, कमाई आणि अनेकदा आईकडून मुलीकडे जाणारी मालमत्ता असे, पण मुलांना बापाचे नाव लावण्याची सोय नसे आणि ज्या घरांत तिचे गाणे वाखाणले जाई, त्या घरांच्या पंगतीत तिला जागा नसे. गोव्यातल्या देवळांपासून सौंदत्तीच्या यल्लम्मापर्यंत या व्यवस्थेची रूपे निरनिराळी होती, आणि त्यांतली कित्येक उघड उघड शोषणाची होती. यल्लम्माला सोडलेल्या गरीब दलित मुलींना ना गाण्याची तालीम मिळाली ना जमीन. त्यामुळे ‘देवदासी’ या एकाच शब्दाखाली सगळ्यांना कोंबणे चुकीचे ठरते. तरीही वाटणीचे मूळ तत्त्व सारखेच होते: प्रतिष्ठा हवी तर स्वातंत्र्य नाही, आणि विद्या हवी तर प्रतिष्ठा नाही.

कायद्याने ही वाटणी मोडण्याऐवजी आधी पक्की केली. नायकिणीने, म्हणजे अशाच कलावंतिणीने, मुलगी दत्तक घेऊन तिला वारस करणे ही जुनी रूढी होती; १८८० साली मुंबई उच्च न्यायालयाने मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण या खटल्यात अशी दत्तके अनीतीला पोषक म्हणून बेकायदा ठरवली. निर्णयामागची चिंता खोटी नव्हती, परंतु आईने मुलीला वारसा देण्याचा जो थोडाफार रस्ता हिंदू समाजात होता तो त्याने बंद केला, आणि आश्रयदात्या पुरुषांच्या वारसाहक्काला धक्काही लागला नाही. पुढे १९३४ च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने देवाला मुलगी वाहणे बेकायदा ठरवले आणि अशा स्त्रीला विवाहाचा अधिकार दिला. कर्नाटकाने आपला स्वतंत्र कायदा १९८२ साली केला. कायद्याच्या पुस्तकात विवाह शक्य झाला, तरी गल्लीतल्या नजरा बदलायला आणखी पिढ्या लागणार होत्या.

अशाच एका कलावंतिणींच्या घराण्यात ५ मार्च १९१३ रोजी धारवाडला गंगूबाईंचा जन्म झाला. आई अंबाबाई कर्नाटक संगीताच्या उत्तम गायिका होत्या. अब्दुल करीम खाँही त्यांचे गाणे ऐकायला घरी येत, असे सांगितले जाते. वडील चिक्कूराव नाडगीर हे ब्राह्मण शेतकरी. मुलीचा ओढा हिंदुस्थानी संगीताकडे आहे हे पाहून तिच्या कानावर दुसऱ्या पद्धतीचे संस्कार होऊ नयेत म्हणून अंबाबाईंनी स्वतःचे गाणे आवरते घेतले, आणि १९२८ च्या सुमारास कुटुंब मुलीच्या शिक्षणासाठी हुबळीला आले. आईने केलेल्या या त्यागाचे कौतुक नेहमी होते. पण तोच त्याग वडिलांनी केला असता तर तो सहज, आपोआप घडल्यासारखा मानला गेला असता का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मातृत्वाच्या नावाखाली स्त्रीची कला विसर्जित होणे समाजाला इतके स्वाभाविक वाटते की त्यात काही गमावले गेले, याची नोंदही होत नाही.

डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांच्या गंगूबाई होत्या. गाण्याचे दडपण त्यांना नव्हते. आपल्याला जेवायला वेगळे बसवतील की काय, या धास्तीची आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. त्या वयाच्या मुलीला आपली समाजातली किंमत नेमकी ठाऊक होती. धारवाडला शिकत असताना रस्त्याने जाता-येता तिला गाणारणीची पोर म्हणून हिणवणारे लोकही होते, आणि गंमत अशी, की गाण्याच्या बैठकीला पुढे बसणारे श्रोतेही याच गल्ल्यांतून येत. सोळाव्या वर्षी गुरुराव कौलगी या ब्राह्मण वकिलाशी त्यांचा संसार जुळला. कौलगींचे धंदे बुडत गेले आणि दोन मुलगे, मुलगी कृष्णा व बाकीचे घर यांचा भार गंगूबाईंच्या गाण्यावर आला. घर चालवणारा पुरुष आणि घर सांभाळणारी स्त्री ही जी वाटणी समाज आदर्श मानतो, ती या घरात उलटी होती. तरीही घरातली कामे काही उलटली नाहीत, आणि मिळवत्या स्त्रीच्या वाट्याला दोन्ही पाळ्या येण्याची जी तक्रार आज नोकरदार स्त्रिया करतात, ती इथे नव्वद वर्षे जुनी आहे.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस सवाई गंधर्व कुंदगोळला स्थिरावले, तेव्हा गंगूबाई हुबळीहून आगगाडीने रोज तालमीला जात आणि रात्री परतत. परतीच्या वाटेवर कधी तरुण भीमसेन सोबतीला असत. गुरूंची शिस्त अशी की एकेक राग आणि त्यातली एकेक जागा दिवसचे दिवस घोटून घेतली जाई. रंगभूमीवर ज्याने आयुष्यभर नाजूक नायिका रंगवल्या, त्या गुरूने शिष्येकडून मात्र नाजूकपणा मागितला नाही. त्याने सूर मागितला. गुरूबद्दल लिहिताना त्याच्या घराण्याची चर्चा पुष्कळ होते, पण स्त्रीत्व हा अभिनयाचा भाग आहे आणि सूर अभिनयापलीकडचा आहे, हे ज्याला स्वानुभवाने ठाऊक होते असा गुरू लाभणे, ही गंगूबाईंच्या वाट्याला आलेली दुर्मीळ गोष्ट होती असे म्हणावे लागते.

या तालमीच्या काळातच त्यांचा आवाज बदलला. १९३०च्या दशकात ‘गांधारी’ या नावाने निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत चढा, धारदार, तरुण आवाज ऐकू येतो. पुढे टॉन्सिलच्या दुखण्यावर झालेल्या उपचारानंतर तो खाली उतरला, रुंद आणि भरदार झाला. इतका, की नवख्या श्रोत्याला नाव सांगितले नाही तर गायक पुरुष आहे असे वाटावे. हे ज्या काळात घडले तो काळही पाहिला पाहिजे. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून चित्रपटसंगीतात लता मंगेशकर यांचा उंच, निर्मळ, कोवळा स्वर सर्वत्र पसरला आणि पुढच्या दोन पिढ्यांसाठी भारतीय स्त्रीचा आवाज म्हणजे तोच, असे समीकरण बनले. त्याआधीच्या कित्येक गायिकांचे जाडसर, नाकातले, खर्जाकडे झुकणारे आवाज बाजूला पडले. लताबाईंच्या गाण्याचे मोठेपण यात कमी होत नाही. प्रश्न श्रोत्यांचा आहे, कारण त्यांनी एका कलावतीच्या गुणाला सगळ्या स्त्रीजातीचा निकष बनवले. या वातावरणात गंगूबाईंनी आवाज पूर्ववत व्हावा म्हणून धडपड केली नाही. ठुमरी, भावगीत हे हलके प्रकार सोडून दिले, ख्यालावर, म्हणजे रागाचा संथपणे विस्तार करणाऱ्या गायनप्रकारावर, सगळी भिस्त ठेवली आणि भारदस्त आवाजाला शोभेल अशी सुरासुराने चढत जाणारी मांडणी केली. ज्याला वैगुण्य म्हटले गेले असते, तीच त्यांची ओळख झाली.

मात्र आवाजाच्या बाबतीत त्यांनी जी मोकळीक घेतली, ती वेशाच्या बाबतीत घेतली नाही, आणि घेणे शक्यही नव्हते. साधी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, मैफलीत हातवारे जवळजवळ नाहीत, हावभाव नाहीत. हा नमुना त्यांच्याआधी हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांनी घडवला होता. हिराबाई या अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या. १९२०च्या दशकापासून त्यांनी तिकीट लावून होणाऱ्या जाहीर मैफलीत एखाद्या शिक्षिकेसारखे शांत बसून गाण्याचा प्रघात पाडला, आणि त्यामुळे गाणारी बाई ही बघण्याची नसून ऐकण्याची असते हे मध्यमवर्गाच्या गळी उतरले. त्याच काळात विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयाने, ज्याची स्थापना १९०१ साली लाहोरला झाली होती, घरंदाज मुलींसाठी संगीताचे वर्ग खुले केले. या सुधारणेला दुसरी बाजूही होती. ज्या स्त्रियांनी ही विद्या शतकानुशतके जपली त्यांना आता आपण ‘तशा’ नाही हे सिद्ध करण्याचे ओझे आले. स्वातंत्र्याच्या सुमारास आकाशवाणीने ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय आहे अशा कलावंतांना दार बंद केले, तेव्हा त्या नियमाची झळ कोणत्या बाजूला लागणार हे सांगायला नको. आश्रयदात्या श्रीमंतांच्या खासगी आयुष्याची चौकशी कोणत्याही कार्यालयाने केली नाही. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिताना ज्या दुटप्पीपणावर बोट ठेवले होते, तो साठ-सत्तर वर्षांनंतरही सरकारी नियमांत जिवंत होता.

मानाच्या उपाध्यांविषयी गंगूबाईंचे एक निरीक्षण प्रसिद्ध आहे: गवई मुसलमान असला तर त्याचा उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, पण केसरबाई असोत वा मोगूबाई, त्या बाईच राहतात. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) या दोघीही गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या आणि पद्मभूषण मिळवलेल्या गायिका. त्यांची नावे घेऊन गंगूबाईंनी स्वतःचेच दुखणे सांगितले असले पाहिजे. त्यांना स्वतःला १९७१ साली पद्मभूषण, १९७३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ साली पद्मविभूषण मिळाले. २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले आणि म्हैसूरच्या संगीत विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

मैफलीच्या आणि रंगमंचाच्या बाहेर ही मूल्यव्यवस्था आणखी साध्या रूपात दिसते. धारवाड भागातली कसुती ही कशिद्याची कला घ्यावी: धागे मोजून, गाठ न मारता, गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी या टाक्यांनी इरकली साडीवर गोपुरे, रथ, मोर, तुळशीवृंदावने उमटवायची, त्यांतल्या पहिल्या दोन टाक्यांत उलटसुलट दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या पाहिजेत. काळ्या चंद्रकळा साडीवरची कसुती ही लग्नातली मोलाची वस्तू, आणि मुलीला ती येणे हे तिच्या सोशिकपणाचे प्रमाणपत्र. आज हेच काम बाजारात विकले जाते तेव्हा नफ्याचा मोठा वाटा मध्यस्थाकडे जातो आणि टाके घालणारीला नगाप्रमाणे मजुरी मिळते. मोजूनमापून करायच्या अशाच कामाचे दुसरे उदाहरण राष्ट्रध्वजाचे: हुबळीजवळ बेंगेरीला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे केंद्र आहे, जिथे भारतीय मानक ब्युरोच्या मान्यतेने राष्ट्रध्वज तयार होतात. १९५७ साली स्थापन झालेल्या या संघाच्या ध्वजविभागात बहुसंख्य कामगार स्त्रिया आहेत. सुताची जाडी, पट्ट्यांचे माप, अशोकचक्राच्या चोवीस आऱ्या, दोन्ही बाजूंनी चक्राचे जुळणे, यांतले एकही माप चुकले तर ध्वज बाद होतो. या कामावर स्त्रियाच का, याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे, की पुरुषांना एवढा धीर नसतो. हे उत्तर कौतुकाचे वाटते, पण त्याचा हिशेब वेगळा आहे: जे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेले असते, ते स्वभावाच्या खाती जमा केले की त्याचे दाम द्यावे लागत नाही. यंत्र चालवण्यातले कसब हे कौशल्य ठरते आणि टाका मोजण्यातले कसब हा बाईचा पिंड ठरतो. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलून पॉलिएस्टरचे, यंत्रावर बनलेले ध्वज चालतील असे ठरले, तेव्हा या ‘उपजत धीरा’ची बाजारातली किंमत किती तकलादू होती ते या केंद्राला कळले.

यंत्रांच्या जगात शिरू पाहणाऱ्या मुलीपुढे अटी कशा ठेवल्या जात, याचे उदाहरणही हुबळीतच आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, तिथल्या बी. व्ही. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा सगळ्या महाविद्यालयात त्या एकट्याच मुलगी होत्या. साडीतच यायचे, कँटीनकडे फिरकायचे नाही, मुलांशी बोलायचे नाही, अशा अटी प्राचार्यांनी घातल्या होत्या, असे त्यांनी अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. मुलींसाठी स्वच्छतागृहही नव्हते. यांतली एकही अट गणिताशी किंवा विद्युत अभियांत्रिकीशी संबंधित नव्हती. प्राचार्य दुष्ट होते असेही नाही. प्रवेश नाकारण्याऐवजी त्यांनी दिला, आणि त्या काळाच्या मानाने हे धाडसच होते. पण मुलांच्या वर्तनाची जबाबदारी मुलीच्या पेहरावावर टाकल्याशिवाय दार उघडता येत नाही, ही समजूत त्या उदारपणातही कायम राहिली. पुढे १९७४ साली टाटांच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापलेले पाहून त्यांनी जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड धाडले आणि नोकरी मिळवली, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आज त्यांची साडी आणि साधेपणा हाच त्यांच्या लोकप्रियतेचा मोठा भाग आहे. अट म्हणून लादलेली वस्तू कालांतराने सद्गुण म्हणून गौरवली जाते, आणि मग पुढच्या मुलींना तिचा दाखला देऊन नवी अट घालता येते.

अट फक्त पेहरावाची नसते, लग्नाचीही असते. मुलीचे मोल लग्नावर ठरते याचा सर्वांत कोरडा पुरावा वारसाकायद्यात सापडतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला मुलाइतका हिस्सा दिला नव्हता. १९९४ साली महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने, काही आठवड्यांच्या अंतराने, ही उणीव दूर करणाऱ्या दुरुस्त्या लागू केल्या. परंतु दोन्ही राज्यांत त्या दिवसापूर्वी जिचे लग्न झाले असेल तिला हा हक्क नव्हता. म्हणजे एकाच घरातल्या दोन सख्ख्या बहिणींपैकी अविवाहित बहीण जमिनीची वारस आणि विवाहित बहीण पाहुणी. ही अट देशपातळीवर २००५ च्या दुरुस्तीने गेली.

स्त्रीकडे तिच्या वागण्याचा हिशेब मागण्याची सवय मात्र आजही गेलेली नाही. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसगाड्यांतून मोफत प्रवास करता येतो. हुबळीला मुख्यालय असलेल्या वायव्य कर्नाटक परिवहन मंडळाच्या गाड्यांतही स्त्रियांची गर्दी लगेच वाढली, विशेषतः सौंदत्तीसारख्या देवस्थानांच्या वाटेवर. योजनेच्या खर्चावर टीका झाली ती समजण्यासारखी आहे. सरकारी तिजोरीवरचा भार हा खरा प्रश्न आहे. परंतु तिच्या जोडीला दुसरी टीकाही ऐकू आली, की बायका आता कामाशिवाय हिंडतात, घर टाकून देवदर्शनाला जातात, उगाच माहेरी फेऱ्या मारतात. बसथांब्यावर, पानपट्टीवर, नाक्यावर कामाशिवाय तासन्‌तास उभ्या असणाऱ्या पुरुषांविषयी असा हिशेब कुणी मांडत नाही, कारण पुरुषाचा वेळ त्याचा स्वतःचा असतो हे गृहीत आहे. योजनेच्या नियमांत प्रवासाचे कारण विचारण्याची तरतूद नाही. राज्यातली रहिवासी असल्याचे ओळखपत्र दाखवले की वाहक शून्य रकमेचे तिकीट फाडून देतो आणि तिच्या भाड्याचे पैसे सरकार मंडळाला देते.